बंद दाराची मिनिटं

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला, कुत्र्याच्या पिल्लाच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लावला आणि दुकानदाराकडे न बघताच म्हणाले,

"याच्या तिप्पट मापाचा पिंजरा दाखवा."

"बाबा, एवढा मोठा कशाला?" लेकीनं विचारलं.

"वाढतं अंग आहे त्याचं. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेत मी. आत कापड राखल्याशिवाय कात्री लावत नाही."

दुकानदार काहीतरी सांगू बघत होता, पण मास्तरांपुढे कोणाचं चालणार! मोठा पिंजरा घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू एका कोपऱ्यात ढाराढूर झोपलेलं आणि दुसऱ्या कोपऱ्यात त्याचा सगळा कारभार उरकलेला. झोपायच्या जागी पिल्लू सहसा घाण करत नाही, पण इथे महाशयांना दोन खोल्यांचा बंगलाच मिळाला होता ना! लेकीनं मधे जाळी बसवून पिंजरा निम्मा केला. मास्तर फडकं घेऊन पुसत राहिले.

पिल्लू मुळात आणलंच कशाला, हे मात्र त्यांना उमगत नव्हतं. बायको जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून घर रिकामं झालं की त्यांच्या छातीत धडधडायचं. मेले तरी ते हे कबूल करणार नव्हते. लेक ऑफिसला गेली की साखर कुठे ठेवलीस, मीटरवाला आला होता, असं काहीबाही निमित्त काढून फोन करायचे. तिसऱ्या फोनला ती "आलेच" म्हणायची आणि खरंच यायची. अशा मुलीनं एकाएकी कुत्रं आणावं? मग एकदा गॅलरीत ती हळू आवाजात फोनवर बोलताना त्यांनी ऐकलं, "महिनाभर द्या, सर. इथली घडी बसवते आणि येते." मास्तरांची जेवणावरची वासनाच उडाली. ही आपल्याला सोडून चालली. कोण हा सर? कुठला?

पिल्लाची शिकवणी रोज चालायची. आधी पिंजऱ्याचं दार उघडंच. मग पाच मिनिटं बंद, मग दहा, मग अर्धा तास.

"आणि कुईकुई केलं की लगेच उघडायचं नाही, बाबा. जरा गप्प झालं की उघडायचं."

"मुक्या जनावराला फसवायचे धंदे हे."

"फसवत नाहीये. आपण परत येतो, हे त्याला कळायला नको?"

याच सुमारास लेकीला शनिवारचंही ऑफिस लागलं. पहिल्या शनिवारी तासभर, नंतर दोन तास, नंतर चार. मास्तर मनात टिपून ठेवत होते. त्यात इस्त्रीवाला कपडे द्यायला आला आणि सहज बोलून गेला,

"ताई शनिवारी मागच्या बागेत बसल्या होत्या. एकट्याच."

एकटीच म्हणे! बागेत एकटं कोण बसतं?

पुढच्या शनिवारी मास्तर आंघोळीला गेले असताना ती न सांगताच निघून गेली. आता मात्र हद्द झाली. मास्तर फोन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले. मागे बाग दिसत होती. लेक बाकावर बसली होती. शेजारी कोणी नव्हतं. मांडीवर उघडा डबा, तो तसाच. हातात फोन. फोनकडे बघायची, मग मान वर करून आपल्याच घराकडे बघायची.

मास्तर पडद्याआड झाले. येईल तो सर आता, म्हणून अर्धा तास उभे राहिले. कोणी आलं नाही. पिंजऱ्यात पिल्लानं सूर लावला.

"गप बस रे. कोणी टाकून नाही गेलंय तुला," ते खेकसले आणि तिथेच थांबले. त्यांच्या हातातल्या फोनवर लेकीचा नंबर काढलेला होता. बोट तेवढं टेकवायचं बाकी होतं.

त्यांनी फोन कपाटात ठेवून दिला. मशीनवर बसले. एका पँटची शिवण दोनदा उसवली, दोनदा घातली. धडधडलं, घाम फुटला, एकदा तर उठून कपाटापर्यंत गेलेही. मग हळूहळू धडधड ओसरली. तोवर पिल्लूही गप्प झालं होतं. त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं.

सहाला लेक आली. उन्हानं तिचा चेहरा रापला होता.

"आज एकही फोन नाही केलात? बरं आहे ना?"

"मला काय धाड भरलीय? तूच सांग, दिवसभर बागेत बसून पाठ नाही का गं धरली?"

लेक चप्पल काढता काढता थांबली. तिनं भिंतीला हात टेकला.

"कुठे जायचंय?" मास्तरांनी विचारलं.

"दुसऱ्या गावी. बढती आहे. पण नाही गेले तरी चालेल, बाबा."

"कधीपासून?"

"एक तारखेपासून."

मास्तरांनी सुईत दोरा ओवायला घेतला. तीनदा हुकला. ती मदतीला पुढे झाली, तसा त्यांनी हात मागे घेतला.

"जा. फक्त पहिले आठ दिवस मला फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला तर मी परत ये म्हणेन, आणि तू येशील."