दोन रेघा

भागीबाईने सुनेच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि घरात नेऊन कणगीमागे टाकली. हरसूलच्या रस्त्यावर जीप हॉर्न वाजवत उभी होती. नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात आज ललिताचा तिसरा डोस होता.

"नाय जायाचं. दोन डोसांत माझा नातू मारला त्यांनी. आता हिला मारतील."

आशाताई पल्लवी दारातच थिजली. नातू होता कुठे? होळीनंतर ललिताचा द्राक्षगर्भ काढला, तेव्हा पोटात बाळ नव्हतंच, नुसती घडासारखी फुगलेली वार. दर आठवड्याला रक्त तपासा, वर्षभर दिवस जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. पल्लवीने तो कागद वरवर वाचला होता. पुढे पाळी चुकली म्हणताच तिने लघवीची पट्टी केली, दोन रेघा पाहिल्या, दिवस गेल्याचं सांगितलं आणि भागीबाईने आनंदाने दिलेला गूळ तोंडात टाकून मोकळी झाली. वारेची कॅन्सरची गाठ झाली तरी तशाच रेघा येतात, हे तिला फार उशिरा कळलं. ललिताच्या खोकल्यातून रक्त आलं, तेव्हा कुठे नाशिक गाठलं. गाठ फुप्फुसात पोचली होती. औषधाने बरी होते, पण एकही डोस चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. भागीबाईला मात्र पल्लवीने 'बाळ टिकलं नाही' एवढंच सांगितलं. स्वतःची चूक झाकायला ते पुरेसं होतं.

"मावशी, बाळ नव्हतंच," पल्लवी कशीबशी म्हणाली. "गाठ होती ती. मीच चुकले."

दार अडवून उभ्या भागीबाईने चौकटीवरचा हात खाली घेतला.

"गूळ खाल्लास माझा," ती म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.

ललिताने कणगीमागून पिशवी उचलली. विरळ झालेल्या केसांवर पदर ओढून ती जीपमध्ये बसली. घाट लागला तरी शेजारी बसलेल्या पल्लवीला मान वर करवेना.

"ललिता, माफ कर गं. मला कळायला पाहिजे होतं."

"मला ठावं होतं, ताई."

"काय?"

"रेघा आल्या तर लगेच ये, असं डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या. तुमी पट्टी दाखवली तवाच समजलं."

"मग बोलली का नाहीस?"

ललिता खिडकीबाहेर पाहत होती. खाचरांत बायका ओणव्या होऊन भात लावत होत्या.

"त्या रेघांपायी वीस दिवस सासूनं मला पाण्याला धाडलं नाय," ती म्हणाली. "जेवायलाबी पहिलं मलाच वाढायची."