मादामची अंडी

मादामनं यंदाही ऑक्ताव्हियाच्या परसातच घर खणलं, समुद्राकडच्या वाळूच्या उतारावर. मादाम म्हणजे इग्वाना, घोरपडीएवढी मोठी सरड्याची जात; डोमिनिका बेटाची अस्सल, एकरंगी शेपटीची. वादळाआधी त्या उतारावर तिच्यासारख्या कितीतरी यायच्या. आता ही एकटीच उरली होती. ऑक्ताव्हिया तिला जास्वंदीची फुलं टाकायची आणि शेजारणीशी बोलावं तशी गप्पा मारायची. नवरा गेल्यावर बोलायला दुसरं होतं कोण?

पट्टेवाले आले ते वादळानंतर. बेटावर एक छप्पर धड राहिलं नव्हतं. मदतीची जहाजं आली, पत्रे आले, ताडपत्र्या आल्या, आणि त्यांच्या घड्यांत बसून परदेशी इग्वानाही आले. मदतीला कोण नको म्हणणार? दिसायला तसेच, फक्त शेपटीवर काळे पट्टे. पण काय ती दांडगी जात! इथल्या नरांना झाडावरून हुसकावतात आणि इथल्या माद्यांना धरतात. पिल्लं निपजतात ती पट्ट्यांची. आपली जात आपल्याच पोटातून संपते, मेलं!

त्या सकाळी मादाम अंडी घालून, खड्डा बुजवून बाहेर आली आणि थोड्याच वेळात गर्विन दारात हजर. ऑक्ताव्हियाच्या भावाचा मुलगा, वनखात्यात नोकरीला. हातात बर्फाची पेटी.

"आत्या, टायटस म्हणाला मादामनं अंडी घातली."

"त्या मेल्याच्या पोटात काही राहतं का? बस, कोको घे."

"म्हातारपणी बाळंतपण!" कुंपणापलीकडून शेजारचा टायटस खिदळला. "पोरं कुणाची म्हणायची, ऑक्ताव्हिया?"

"तुझी नाहीत, एवढं नक्की!"

गर्विन हसला नाही. "खरंच सांग आत्या, नर कुठला होता? आपला असेल तर मी स्वतः इथं राखण करीन. पट्ट्याचा असेल तर अंडी आत्ताच काढायला हवीत. पिल्लं एकदा झाडांवर पांगली की हाती लागत नाहीत."

ऑक्ताव्हियानं पाहिलं होतं. मादामच्या मानगुटीवर तोच बसला होता, पट्टेवाला. तिनं दगड मारला, तरी हलला नव्हता. 'आपलाच होता' हे शब्द अगदी ओठांवर आले. पण खोटं बोलून वाचवायचं कुणाला? त्या पट्टेवाल्याच्या पिल्लांनाच ना? इकडे आड, तिकडे विहीर.

"पट्ट्याचाच," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"तू आत जा आत्या."

"का जाऊ? बाळंतीण माझी आहे."

गर्विन उकरायला लागला तशी मादाम मान हलवत धावून आली. त्यानं काठीनं तिला हळूच मागं लोटलं. पांढरी, मऊ, अजून ओलसर अंडी पेटीत गेली.

"बर्फाच्या थंडीत आतली पिल्लं झोपेतच जातात गं."

"तुला येऊन सांगितलं का कुणी?" ती खेकसली. मग डोळे पुसून म्हणाली, "पुढच्या वर्षी तिच्यासाठी आपला एखादा नर आणशील?"

"कुठून आणू, आत्या?"

तो गेल्यावर मादाम परत आली. खड्ड्यात जीभ फिरवली. मग पाठमोरी होऊन पायांनी वाळू लोटायला लागली, दरवर्षी लोटायची तशीच.

"अगं बाई, काही नाही त्यात," ऑक्ताव्हिया म्हणाली.

मादामनं खड्डा नीट बुजवला, वर वाळू दाबली आणि तिथंच राखणीला बसली. दुपारी टायटसच्या कोंबड्या उकरायला आल्या, तेव्हा ऑक्ताव्हियानं झाडू उचलला आणि त्यांना पार रस्त्यापर्यंत हाकललं.