सोळाचा खटका

मित्रांनो, अकोल्याच्या जठारपेठेत रेडिओ दुरुस्तीचे एक दुकान आहे. त्याच्या माळ्यावर, मोडक्या पंख्यांच्या मागे, मी पडून असतो. मी सिनेमा दाखवणारा जुना प्रोजेक्टर. धूळ पुसलीत तर माझ्या अंगावर एक लहानसा खटका दिसेल. त्याच्या एका बाजूला चोवीस आणि दुसऱ्या बाजूला सोळा असे आकडे आहेत.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखे काही नाही. मी खरा जगू लागलो तो १९५४ साली, चंद्रभानजींनी मला विकत घेतल्यावर. ते गावोगावच्या शाळांत खतांचे, हिवतापाचे सिनेमे दाखवत. मुले टाळ्या वाजवत तेव्हा मी चांगलाच फुगत असे. उगाच नम्रतेचा आव कशाला आणू?

बोलक्या सिनेमाची दर सेकंदाला चोवीस चित्रे माझ्या भिंगासमोरून जातात, मुक्या सिनेमाची सोळा. त्यासाठी तो खटका. पण एकदा चांदूर बाजारच्या रस्त्यावर धक्के खाऊन तो आपोआप सोळावर सरकला आणि पडद्यावर गाणारी बाई म्हशीसारखी हंबरू लागली. लोकांनी चंद्रभानजींची यथेच्छ टर उडवली. ते त्यांच्या इतके जिव्हारी लागले, की घरी जाताच त्यांनी खटका चोवीसवर ठेवून तांब्याच्या तारेने करकचून बांधला. पुढच्या दहा वर्षांत ते खटक्याला विसरूनही गेले. मी विसरलो नव्हतो, पण मला विचारतो कोण?

१९६४ च्या हिवाळ्यात आम्ही मूर्तिजापूरजवळच्या एका गावी गेलो. शाळेच्या खिडक्यांवर घोंगड्या टांगून भरदुपारी अंधार केला होता. खेळ संपल्यावर मैनाबाई नावाची बाई पत्र्याची डबी घेऊन पुढे आली. बरोबर तिची सहा वर्षांची मुलगी सत्यवती होती. मैनाबाईंचे यजमान भगवंतराव यांनी आपल्या बौद्ध वस्तीत वाचनालय काढले होते. उद्घाटनाच्या दिवशी अमरावतीच्या एका डॉक्टरांनी चावी देऊन चालणाऱ्या कॅमेऱ्याने त्यांची फिल्म घेतली. पुढे दोन महिन्यांत भगवंतराव तापाने गेले आणि सत्यवती त्यानंतर जन्मली. घरात त्यांचा साधा फोटोही नव्हता. डॉक्टरांच्या मुलाला त्या फिल्मची डबी आता सापडली आणि त्याने ती पाठवून दिली.

"पोरीनं बाप पाह्यला नाई, भाऊ," मैनाबाई म्हणाल्या. "तेवढा दाखवा."

चंद्रभानजींनी फिल्म चढवली. डोक्यावर पुस्तकांची पेटी घेतलेला एक माणूस तुरुतुरु पळत आला, त्याने पेटी आपटली, मान झटकली आणि तो दिसेनासा झाला. सारी शाळा खदखदून हसली. सत्यवतीने आईचा पदर ओढला. "आई, बाबा माकडावानी काहून करून राहिले?"

मैनाबाईंचा चेहरा पडला. "हे असे नव्हते चालत, भाऊ. जिंदगीत घाई नाई केली त्याईनं. मूर्तिजापूरले गाडी सुटून जाये, पन चाल नाई बदले."

"मशीन बरोबर आहे, बाई. तुमची फिलमच खराब असंन."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी तेव्हाच ओरडलो असतो. चंद्रभानजी डबी परत देऊ लागले, पण मैनाबाईंचा हात काही पुढे येईना. मग त्यांनी जनरेटर तपासला, माझा पट्टा बदलला आणि फिल्म पुन्हा लावली. भगवंतराव पुन्हा पळाले. जुनी फिल्म आता काठाच्या भोकांपाशी फाटू लागली होती. "अजून एकडाव चालंन," चंद्रभानजी म्हणाले, "मंग काई खरं नाई."

त्यांनी घोंगडीचा कोपरा उचलला आणि फिल्म उन्हात धरली. बोलक्या फिल्मला एकाच काठाला भोके असतात, दुसऱ्या काठाला आवाजाची पट्टी असते. या फिल्मला दोन्ही काठांना भोके होती. म्हणजे फिल्म मुकी होती, सोळाच्या चालीची! चंद्रभानजींना दहा वर्षांपूर्वी बांधलेला माझा खटका आठवला. त्यांनी चाकू काढून ती तार कापली आणि खटका सोळावर आणला.

"खराबी फिलमीत नाई, बाई. माह्या हातची आहे."

मी आयुष्यात इतका जपून कधी चाललो नाही. पडदा थोडा थरथरत होता. भगवंतराव संथपणे, एकेक पाऊल टाकत आले. त्यांनी पेटी हळूच खाली ठेवली, कपाळाचा घाम पुसला, मान वळवली आणि ते हसले. ते हसू आधी इतक्या घाईत निघून गेले होते, की ते कुणाला दिसलेच नव्हते. आता शाळेत कुणीच हसले नाही.

"हेच चाल," मैनाबाई पुटपुटल्या.

"आई," सत्यवती म्हणाली, "बाबा माह्याकडं पाहून हासले."

"फिलम जोडून ठेवा, बाई. पुढच्या हिवाळ्यात येतो," चंद्रभानजींनी शब्द दिला. पण तो हिवाळा त्यांना दिसला नाही. छातीच्या दुखण्याने ते अंथरुणाला खिळले आणि मी या दुकानात आलो. नव्या यंत्रांपुढे मला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून माळ्यावर गेलो. दुकानात कुणी बाईमाणूस आले, की मी अजून कान टवकारतो. त्या खेळाला पाच वर्षे झाली; सत्यवती आता अकरा वर्षांची असेल. ती डबी दुसऱ्या कुणी चोवीसवर लावली, तर तिचे बाबा पुन्हा पळू लागतील, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून सांगतो, जुनी वस्तू भंगारात घालण्याआधी ती कुणाची वाट पाहते आहे का, ते विचारा. आणि कुणाची चाल पाहून हसू आले, तर आधी आपला खटका कुठे बांधला आहे ते बघा. मला विकायच्या दिवशी चंद्रभानजी अंथरुणातून उठून आले होते. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि खटका सोळावर सरकवला. तो अजून तिथेच आहे.