काडी पेटेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना, हिरवा, पाण्याचा पाईप आहे. अंगावर सायकलच्या ट्यूबच्या चार पट्ट्या बांधल्या आहेत, पण हसू नका. नाशिक रोडचं एक अख्खं घर माझं पाणी पिऊन घट्ट झालं आहे.

द्वारका चौकातल्या दुकानातून मला निकिताताईंनी आणलं. पंचवटीतल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीला बारमाही ओल होती. त्या ओलीने त्यांच्या सात वर्षांच्या लेकीची, आरोहीची छाती सतत घरघरायची. म्हणून तर हे घर बांधायला घेतलं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ ताई येऊन भिंतींवर पाणी मारायच्या. "पाण्याला हात आखडू नका, ताई," गवंडी बजावायचा. मीही कधी आखडता घेतला नाही.

पाणी मारणं संपलं आणि मला खिळ्याला टांगलं. माझा मान गेला कुणाला? एका काडेपेटीला! ताई ती आतल्या खोलीत भिंतीला टेकवून जात आणि सकाळी येऊन काडी ओढत. भिंत ओली असली की काडी सादळते, पेटत नाही. मला त्या चिमुरड्या काडेपेटीचा फार राग यायचा.

अक्षय तृतीया आली. घरमालकाला खोली त्याच दिवशी रिकामी हवी होती. सामानाचा टेम्पो नव्या घरापुढे उभा राहिला. ताईंनी काडी ओढली. फुस्स!

"अगं, साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे," त्यांचे यजमान वाल्मीकदादा काकुळतीला आले. "चल ना आत. लोक काय म्हणतील?"

"अहो, मुहूर्त पुढच्या वर्षीही येईल. पोरीच्या छातीचं काय? एका ओलीतून काढून दुसरीत निजवू?" ताईंनी ओढणी कमरेला बांधली. "सामान गच्चीवर घ्या."

आठ दिवस तिघं गच्चीवर ताडपत्रीखाली राहिली. ऊन भाजून काढायचं, शेजारी फिदीफिदी हसायचे. वारा सुटला आणि दोरी पुरेना, तेव्हा ताईंनी ताडपत्री माझ्यानेच आवळून बांधली. उन्हाने मी चार ठिकाणी तडकलो, पण सुटलो नाही.

नवव्या दिवशी सकाळी काडी भर्रकन पेटली. त्याच काडीने शेगडी पेटवून ताईंनी दूध उतू घातलं. आरोही आत धावली आणि भिंतीला गाल लावून ओरडली, "मम्मी, कोरडी आहे!"

दुपारी ती त्याच भिंतीपाशी झोपली. मी गच्चीवरून खिडकीबाहेर लोंबत होतो. कान देऊन ऐकलं. घरघर नव्हती. त्या काडेपेटीवरचा माझा राग तेव्हाच गेला.

मित्रांनो, काम झालं की आम्हा पाईपांना उन्हात टाकू नका, गुंडाळून सावलीत ठेवा. आणि भिंतीला पाणी द्याल, तसा सुकायला वेळही द्या. हे पाणी पाजणाराच सांगतो आहे.

हल्ली मी आरोहीच्या जास्वंदीला पाणी घालतो. भिंतीपासून मात्र चार हात लांब राहून.