फळ्यावर लिहिलेली माफी

भवानी पेठेच्या अंगाला एक बैठं चर्च होतं. मंडळी त्याला देऊळच म्हणायची. रविवारी आत शिरणारा माणूस वेदीकडे बघायच्या आधी डाव्या भिंतीवरच्या फळ्याकडे बघायचा. त्यावर त्या दिवशीच्या गाण्यांचे नंबर खडूनं लिहिलेले असत, आणि त्या नंबरांवरून आठवड्यात कुणी शमुवेल मास्तरांचं डोकं फिरवलं ते सगळ्यांना कळे.

शमुवेल मास्तर मिलच्या टाइम ऑफिसात कारकून होते. मास्तर ते फक्त पेटीचे. पेटीवर बसून ते ओळ सांगत आणि मंडळी ती मागून म्हणे. गाणी निवडायचा हक्क चर्चच्या पाळकसाहेबांनी त्यांना बहात्तरच्या दुष्काळात, स्वतः तापानं फणफणलेले असताना दिला, आणि बरे झाल्यावर परत मागायची त्यांची हिंमत झाली नाही. मास्तर तोंडानं कुणाला वाकडा शब्द बोलत नसत. एवढी भक्तिगीतं हाताशी असताना बोलायची गरजच काय? पंच येडूअण्णा उपदेशात घोरले, की पुढच्या रविवारी जागं राहण्याचं गाणं. गौरम्मानं सुनेला माहेरी धाडलं, तर नम्रतेचं. पाचही कडवी, शेवटचं दोनदा. ज्याच्यावर गाणं असे तो पुस्तकात डोकं खुपसून म्हणे, आणि बाकीचे त्याच्याकडे बघत तोंडपाठ म्हणत. आपल्या मंडळीत गायनाला फार जोर आहे, असं पाळकसाहेब पाहुण्यांना अभिमानानं सांगत.

तबल्यावर मास्तरांचा धाकटा भाऊ जयवंत बसायचा. म्हणजे वर्षापूर्वीपर्यंत. मग त्याची बायको सगुणा वारली. तिला पहाटेचं एक गाणं फार आवडे, झपाझप चालणारं, टाळ्या वाजवत म्हणायचं. तिला न्यायच्या वेळी जयवंत म्हणाला, "दादा, तिचं गाणं घे की. मी तबला घिऊन येतो."

"मयतीत तबला? लोक काय म्हणतील?" असं म्हणून मास्तरांनी एक रडकं, रेंगाळणारं गाणं लावलं, जे सगुणाला जिवंतपणी ऐकवत नसे. लोक काही म्हणाले नाहीत. जयवंतही काही म्हणाला नाही, आणि तेच वाईट झालं. तेव्हापासून तो मागच्या बाकावर बसे आणि रविवारची भक्ती संपताच सायकलवर टांग टाकून निघून जाई. भावाशी बोलणं बंद, तबला कपाटात बंद.

मास्तरांना भावाची फार आठवण येई. पेटीच्या उजवीकडची रिकामी जागा त्यांना दात पडल्यासारखी जाणवे. आपण चुकलो हे त्यांना कळत होतं, माफी मागावी असं मनापासून वाटतही होतं. एकदोनदा ते जयवंतच्या बोळाच्या तोंडापर्यंत गेले आणि वांगी घेऊन परत आले. शेवटी, सगुणाला जाऊन वर्ष होत आलं तेव्हा त्यांना सुचलं, की फळा आहे ना! सगुणाचं गाणं लावायचं, तिच्या चालीत. जयवंत काय ते समजेल.

आता एक गोष्ट सगळ्या पेठेला ठाऊक होती आणि मास्तरांना नव्हती. जयवंतचं दुसरं लग्न मोहोळच्या एका नर्सबाईशी ठरत होतं. मास्तरांना कुणी कसलीच बातमी सांगत नसे. सांगितली तर ती रविवारी पाच कडव्यांत ऐकावी लागेल, ही धास्ती.

त्या रविवारी फळ्यावर सगुणाच्या गाण्याचा नंबर बघून गौरम्मानं शेजारणीला कोपर मारलं. "आज धाकट्याची पाळी गं. बायकू जाऊन वरीस झालं न्हाय तर दुसरी करतोय, म्हून!" हे ती हळूच बोलली, म्हणजे पुरुषांच्या तिसऱ्या बाकापर्यंतच ऐकू गेलं.

मास्तर पेटीचा भाता सोडवत होते. त्यांनी सूर धरला आणि पहिली ओळ सांगितली. मंडळी तुटून पडली. टाळ्या काय, ठेका काय! मास्तरांना वाटलं, केवढी माया आहे लोकांची माझ्या भावावर. दुसऱ्या कडव्याला त्यांनी मान वर केली. सगळ्या माना मागच्या बाकाकडे वळलेल्या होत्या. जयवंत उभा होता, पांढराफटक. त्यानं एकदा मास्तरांकडे बघितलं आणि तो चालता झाला. लोकांनी आवाज आणखी चढवला.

काय बिनसलं ते मास्तरांना कळेना, पण लोकांची ती खुशीची नजर त्यांच्या चांगली ओळखीची होती. इतकी वर्षं त्यांनीच ती मंडळीला शिकवली होती. गाण्यातून टोचायला त्यांनी लोकांना इतकं छान तयार केलं होतं, की आता त्यांचं खरं बोलणंही लोकांना टोमणाच वाटत होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. पेटी तशीच टाकून ते अनवाणी धावले.

फाटकापाशी जयवंत सायकलचं कुलूप काढत होता. किल्ली लागत नव्हती.

"जयवंता, थांब."

"का? आजून कडवी ऱ्हायल्यात व्हय?" जयवंत म्हणाला. "मी लगीन करतोय, तर मला शिव्या दे की, दादा. तिला कशाला मधी आणलंस?"

"लगीन? कुणाचं?"

जयवंत त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. इथं पेटी नव्हती, पुस्तक नव्हतं. "मयतीला तुजं ऐकाय पायजे हुतं," ते कसंबसं म्हणाले. "माजं चुकलं. तेवढंच सांगाय लावलं हुतं रं ते गाणं."

आतून चौथं कडवं ऐकू येऊ लागलं. येडूअण्णा ओळ सांगत होते आणि मंडळी बिनपेटीची, अगदी लयीत म्हणत होती.

"जा आत," जयवंत म्हणाला. "मंडळी खोळंबली आसंल."

"न्हाय खोळंबली."

जयवंतनं किल्ली परत खिशात टाकली. मग म्हणाला, "दुसऱ्या कडव्याला ती कायम चुकायची."

"दर बारीला. आन् मी डोळे वटारायचो तिच्याकडं."

"घरी येऊन तुजी नक्कल करायची." हे सांगताना जयवंतला हसू फुटलं आणि त्यातच रडू आलं. मास्तरांनी त्याला जवळ घेतलं. तेही रडत होते. फाटकावरून जाणारा टांगेवाला वळून वळून बघत गेला.

डोळे पुसून जयवंतनं सायकल काढली. "म्होरल्या म्हैन्यात लगीन हाय. तू थोरला, तूच उभं ऱ्हायाचं."

"व्हय व्हय. पेटी बी आणतो."

"पेटी आण. गाणी मी निवडीन."

मास्तरांनी तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाले, "बरं."