पाचामामाची बिअर आणि साडेतीन अँपिअर

पंपाची किल्ली दोन्या बासिलियाच्या गळ्यात होती आणि गावप्रमुख डॉन मेलितोनला ती तिथे बघवत नव्हती. बाई ला पाझ शहरात जाऊन सहा महिने सौर पॅनेलचं काम शिकली, परत येऊन विहिरीवर पंप बसवला, इथपर्यंत ठीक. पण किल्ली शोभते ती पुरुषाच्या गळ्यात. म्हणजे त्याच्या पुतण्याच्या.

पंपानेही प्रमुखाचीच बाजू घेतली. महिना झाला नाही तोच तो धापा टाकू लागला. हौदापुढे तहानलेल्या लामा जनावरांची रांग, हौदात नुसता चिखल. डॉन मेलितोनने भर दुपारी विहिरीवरच सभा बोलावली. निकाल त्याने आदल्या दिवशीच लावून ठेवला होता.

पुतण्या एडसनने एल आल्तो शहरात दोन वर्षं मोबाइल दुरुस्त केले होते, म्हणजे आमच्याकडे तो इंजिनिअरच. त्याने काळा चष्मा कपाळावर चढवला, पंपाची जोडणी सोडवली आणि बासिलियाच्याच मल्टिमीटरची टोकं पॅनेलच्या तारांना लावली.

"अडतीस व्होल्ट!" तो ओरडला. "पॅनेल खणखणीत आहे. घोळ मावशीच्या वायरिंगमध्ये आहे."

"ऐकलंत ना सगळ्यांनी? बाई, किल्ली काढा," डॉन मेलितोन म्हणाला.

बासिलिया शिकायला गेली तेव्हा 'घर सोडून पळाली' म्हणणारे सगळे समोरच बसले होते. किल्ली गेली असती, तर ते मरेपर्यंत बरोबर ठरले असते.

"एडसनबाळा, व्होल्ट म्हणजे टाकीची उंची, ती तू मोजलीस," ती म्हणाली. "नळाला पाणी किती येतंय, ते अँपिअर कोण मोजणार?"

तिने मीटरची लाल तार उपसून दहा अँपिअरच्या भोकात घातली, चकती फिरवली आणि टोकं एडसनच्याच हातात दिली. "आता लाव. आणि मोठ्याने वाच."

"साडेतीन," एडसन म्हणाला.

"पॅनेलच्या पाठीवर काय छापलंय?"

"नऊ."

"मग बाकीचे कुणी खाल्ले?"

सगळ्यांच्या माना पॅनेलकडे वळल्या. खालच्या कडेला वीतभर पापुद्रा जमला होता: बिअर, रंगीत कागदाचे तुकडे, फुलांच्या पाकळ्या, वर महिन्याची धूळ. नव्या वस्तूची चाल्ला सगळेच करतात, म्हणजे पूजा म्हणून पाचामामाचा, धरणीआईचा, घोट जमिनीवर ओततात. आमच्या प्रमुखाने पाऊण तास भाषण करून चार बाटल्या सरळ काचेवर रित्या केल्या होत्या. फोटो तिथे चांगला येत होता.

"पुसू?" बासिलियाने विचारलं.

"खबरदार! पाचामामाला दिलेलं पुसतात? आपोआप पडेपर्यंत हात लावायचा नाही."

यात मात्र तो खरा होता. तो पापुद्रा गावात कुणीच पुसला नसता. बासिलियानेही नाही.

"बरं. पण तिला दुसऱ्यांदा दिलं तर चालतं?"

"चालतं म्हणजे काय!" डॉन मेलितोनने हात पसरले. "पाचामामाला दिलेलं कधी जास्त होतं का?"

"मग मीही देते. माझ्याकडे बिअर नाही, पाणीच आहे."

तिने घरून आणलेल्या दोन बादल्या पुढे ओढल्या आणि डोक्यावरची हॅट काढली. "आई, महिनाभर बिअरच पितेयस, घसा सुकला असेल," असं म्हणून तिने पहिली बादली काचेवर ओतली. कागदाचे तुकडे ओघळून मातीत पडले. दुसऱ्या बादलीने उरलेला पापुद्राही सुटला.

"आपोआप पडलं," बासिलिया म्हणाली. "मी हात लावला नाही. एडसन, वाच."

"पाच... सात..." एडसनचा आवाज बारीक होत गेला. "पावणेनऊ."

बासिलियाने जोडणी परत केली. पंप खाकरला आणि हौदात जाड धार पडली. लामांनी सभेची पर्वा न करता माना खाली घातल्या.

डॉन मेलितोनने घसा साफ केला. "बघितलंत? माझी बिअर पाचामामाला आज पोचली."

"आणि किल्लीचं काय?" एका म्हातारीने विचारलं.

"किल्ली..." प्रमुख धारेकडे बघत राहिला. "आता दर शुक्रवारी पाण्याची चाल्ला करावी लागेल. बादल्या वाहायचं काम बायकांचं. राहू दे तिच्याकडेच."

"बायकांचंच की," म्हणत बासिलियाने किल्ली पोलक्यात सरकवली. तिला हसू येत होतं आणि रडूही. मग तिने एडसनकडून मीटर काढून घेतला आणि लाल तार आठवणीने व्होल्टच्या भोकात परत घातली. तशीच राहिली असती, तर पुढच्याने ती बॅटरीला लावून मीटर जाळला असता, आणि गावात इंजिनिअरांना काही तोटा नव्हता.