बाबांची पक्की प्रत

मुलांनो, तुमची एक अशी गोष्ट आठवा, जी घराबाहेर कुणाला कळलेली तुम्हाला चालणार नाही. मला सांगू नका, नुसती मनात धरा. आता असं समजा, की तीच गोष्ट छापून आली आहे, खाली तुमच्या बाबांचं नाव आहे आणि तुमच्या अख्ख्या वर्गाने ती वाचली आहे.

आपल्या गोष्टीतल्या मुलीचं असंच झालं. ती अकरा वर्षांची होती. नवव्या वर्षापर्यंत ती झोपेत अंथरूण ओलं करायची. मग ते थांबलं आणि विषय संपला, असं तिला वाटलं. पण तिचे बाबा कवी होते.

'दोरीवर वाळते ओली चादर,' त्यांनी लिहिलं, 'नऊ वर्षांची नदी अजून गादीत झोपते.' कविता मासिकात आली, कौतुकाचे फोन आले. वर्गात मुलीचं नाव 'नदी' पडलं. ती उठली की मागून कुणीतरी म्हणायचं, "बाक पुसून घ्या रे." होता होता तिने वर्गात बोलणंच सोडलं. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची.

तिने आईकडे गाऱ्हाणं नेलं. आई घरी शिवणकाम करायची. मशीनचं चाक हाताने थांबवून ती म्हणाली, "माझ्या टाचांच्या भेगांवर तर अख्खा संग्रह आहे, बाई. मी काय बोलणार?"

"मग तेव्हा गप्प का बसलीस?"

आईने दाताने दोरा तोडला आणि दुसरी बाही जोडायला घेतली.

त्यातच शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुणे म्हणून बाबांना बोलावणं आलं. चादरीची कविता वाचा, अशी मुख्याध्यापकांची खास विनंती होती.

"ती नको ना, बाबा. दुसरी कुठलीही वाचा."

"अगं, त्यात तुझं नाव कुठे आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"मोठी झालीस की अभिमान वाटेल तुला. चल, वही घे. शेवट बदलायचाय."

बाबांची एक पद्धत होती. बसून त्यांना कविता सुचत नसे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत ते ओळी बोलायचे आणि मुलगी उतरून घ्यायची. मग तीच कोऱ्या कागदावर पक्की प्रत करायची. बाबा ती प्रत आधी कधीही वाचत नसत. आधी वाचली की कविता शिळी होते, असं त्यांचं म्हणणं. कागद घडी होऊन खिशात जायचा तो थेट व्यासपीठावर उघडायचा. चार वर्षांत तिच्याकडून एक काना चुकला नव्हता.

या वेळी पक्की प्रत करायला तिने सहा दिवस घेतले. वरच्या दोन ओळी बाबांच्या ठेवल्या. त्याखाली तीन कडवी तिची स्वतःची. पहिली दोन हसतखेळत झाली. तिसऱ्याला चार दिवस गेले, आणि ते तिने सगळ्यांत वळणदार अक्षरात काढलं.

सभागृह भरलं होतं. आई पहिल्या रांगेत, मुलगी आपल्या वर्गाबरोबर तिसऱ्या रांगेत. बाबांनी कागद उघडला, चादर झाली, नदी झाली. मागून दोघं खुसखुसले. बाबा त्याच लयीत पुढे गेले.

'कवी बाबा टेबलावर चढतात,
खाली एक झुरळ असतं.
आई चप्पल घेऊन येते,
बाबांचं तोंड पांढरं दिसतं.'

सभागृह खदखदून हसलं. बाबा थबकले. पण समोर एवढी माणसं हसत असताना कुठला कवी खाली बसतो? आपणच केलेली थट्टा असल्यासारखं तोंड करून त्यांनी पुढचं कडवं घेतलं.

'आरशापुढे रडून बघतात,
कुठल्या ओळीवर थांबायचं.
तिसऱ्यांदा जमलं की मग
चहा पिऊन निघायचं.'

आता मुख्याध्यापकही डोळे पुसत होते. आणि बाबांची नजर तिसऱ्या कडव्यावर गेली.

इथे तुम्हाला एक सांगायला हवं. बाबांचं नाव झालं होतं ते एका कवितेमुळे. त्यांचे वडील शेवटच्या घटका मोजत असताना त्यांचा हात हातात धरून बसलेला मुलगा, अशी ती कविता. ऐकताना मोठी माणसं रुमाल काढायची. पण त्या दिवशी आजोबांजवळ आई बसली होती. बाबांना बोलवायला मुलगी तीनदा गच्चीवर गेली होती. "आलोच," बाबा पाठ फिरवून म्हणाले होते. आले नव्हते.

बाबांनी कागदाची घडी केली. "ही आमच्या लेकीची करामत बरं का," ते हसून म्हणाले. "उरलेलं तिच्याच तोंडून ऐका." वर्गात तिच्या तोंडून शब्द फुटत नाही, हे त्यांना बाईंनी सांगितलेलं होतं.

वर्गातली मुलं मान वळवून बघू लागली. "नदी, जा की," कुणीतरी म्हणालं. ती उठली आणि पायऱ्या चढली. कागद हातात देताना बाबा तिच्या कानाशी वाकले.

"तिसरं वाचू नकोस. घरी गेल्यावर तू म्हणशील ते करू."

तिने माइक आपल्या तोंडापर्यंत खाली ओढला.

"पहिल्यापासून वाचते," ती म्हणाली. आवाज आधी घोगरा आला, मग मोकळा झाला. चादर वाचली, नदी वाचली, झुरळ वाचलं, आरसा वाचला. लोक पुन्हा हसले. हसणं पुरतं थांबेपर्यंत ती थांबली. मग तिने बाबांकडे तोंड केलं आणि एकेक शब्द सुटा करून वाचलं,

'आजोबा हाका मारत होते,
बाबा गच्चीवर बसलेले.
कवितेत मात्र हात हातात,
डोळे भरून आलेले.'